बाबाचा खांदा

“माझा नवरा दिला तुम्हाला ताई, आता पोरगाही पाहिजे?”

आईच्या हातात तेव्हा सुरी होती. कांद्याचीच होती, पण आत्याने खुर्ची जरा मागे सरकवली.

“अगं, दिला काय म्हणतेस? भाऊ होता तो माझा. तू या घरात यायच्या आधीपासून.”

“भाऊ होता म्हणूनच बसवलात. दुसऱ्या कुणाच्या भावाला बसवलं असतं, रोज शिव्या खायला? वर कानात तो भोंगा!”

“भोंगा वाजायचाच नाही गं. वायर जोडलेलीच नसायची. किती वेळा सांगितलं तुला.”

“शिव्यांची वायर होती ना जोडलेली?”

मी दारात उभा होतो. इथे मला हसू आलं आणि तिथेच फसलो. दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

“तू दात काढू नकोस,” आई म्हणाली. “शाळा सोडून सांडासारखा घरात पडलाय, आणि वर दात काढतोय!”

“म्हणूनच म्हणते, येऊ दे माझ्याकडे,” आत्या म्हणाली. “नुसता पडून राहण्यापेक्षा बरं ना?”

“तिथे काय करणार तो? लोकांना टोचून बोलणार. ते तर घरी फुकटात करतो!”

“तेच तर हवंय मला,” आत्या म्हणाली, आणि पुढे हळूच, “त्याच्यासारखं बोलणारं दुसरं कुणी मिळत नाही गं.”

त्याच्यासारखं म्हणजे बाबासारखं. आई परत कांद्याकडे वळली. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे असं म्हणायची सोय होती, ती तिने वापरली. दुसऱ्या दिवसापासून मी आत्याच्या लॅबमध्ये जायला लागलो.

आत्या कोण ते सांगतो. माणूस स्वतःला आवरतो कसा, आणि कधी आवरू शकत नाही, यावर तिने अख्खी हयात घालवली. तिचं म्हणणं साधं आहे. संयम ही टाकी आहे. एका ठिकाणी वापरला की दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. ऑफिसात साहेबाचं मुकाट ऐकून घेतलेला माणूस घरी आल्यावर चपला सापडल्या नाहीत म्हणून भांडतो, कारण टाकीत काही उरलेलं नसतं. यावर तिची पुस्तकं आहेत, भाषणं आहेत, आणि शाळाशाळांत टांगलेला एक तक्ता आहे ज्यावर निळी टाकी आणि गळका नळ काढलाय. आमच्या शाळेतही होता. मी गणिताच्या सरांचा डस्टर खिडकीतून फेकला तेव्हा मुख्याध्यापक त्या तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “तुझी टाकी जन्मतःच फुटकी आहे.” मी म्हटलं, तो तक्ता माझ्या आत्याचा आहे. ते म्हणाले, मग तिलाच नेऊन दाखव. त्यानंतर मी काही शाळेत गेलो नाही.

लोक तिला संयमाच्या बाई म्हणतात. घरी ती अंगठ्याची साल दातांनी सोलत बसते, पार रक्त येईपर्यंत. तिला मी एकदा म्हटलं, आत्या, तुझी टाकी बघ गळतेय. ती म्हणाली, “आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसं आहे ते. अंगठा नसता तर अजून काय काय सोललं असतं, ते कुणी मोजलंय?” असली उत्तरं ती चुटकीसरशी देते, म्हणून ती मला आवडते.

पण त्या टाकीलाच आता भोक पडलं होतं. दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या गावांत, ज्यावर ही टाकी उभी होती तो आत्याचा पहिला प्रयोग जसाच्या तसा करून बघितला. काही नाही आलं. एकाकडे नाही, दुसऱ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. मग पेपर निघाले, त्यांत आत्याचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. तिच्याकडे शिकून गेलेल्या एकाने तर लिहिलं की आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच. तो आमच्याकडे जेवून गेलेला माणूस! मी आत्याला म्हटलं, त्याचा पत्ता दे मला. ती म्हणाली, बस खाली.

तिने एकच केलं. त्या सगळ्यांतला जो सगळ्यात कडक होता त्यालाच फोन लावला आणि म्हणाली, तुम्ही नियम ठरवा, मी माझ्याच लॅबमध्ये परत करून दाखवते. आलं तर आलं, नाहीतर मी माझ्या हाताने लिहीन की टाकी नाही. ते सर आले, दोन दिवस बसून सगळे नियम लिहून दिले. शेवटचा माणूस होईपर्यंत आत्याने निकालाकडे ढुंकूनसुद्धा बघायचं नाही. रिटायर व्हायला तिला थोडेच महिने राहिले होते. म्हणजे हे शेवटचंच.

प्रयोग असा. दोन खोल्या, मध्ये बोळ, बोळात एक बाक. कॉलेजची पोरं-पोरी एकेक करून येतात. आत्या त्यांना ‘सहभागी’ म्हणते, मी ‘बकरे’. पहिल्या खोलीत त्यांना एक हसायची फिल्म दाखवतात. एक माणूस घडीची खुर्ची उघडायला जातो आणि ती काही केल्या उघडत नाही, एवढंच आहे त्यात, पण पोट दुखतं. निम्म्यांना सांगतात, हसा हवं तेवढं. निम्म्यांना सांगतात, चेहरा हलवायचा नाही, दगड व्हायचं. हे दुसरे म्हणजे ज्यांची टाकी रिकामी झाली ते. मग सगळे माझ्या खोलीत.

माझ्या खोलीत मी खोटा भिडू. बकऱ्याला सांगितलेलं असतं की मीही त्याच्यासारखाच आलोय. तो एका कागदावर स्वतःबद्दल काहीतरी लिहितो, मी वाचतो, आणि तीन वाक्यं बोलतो. “हे तू खरंच स्वतः लिहिलंस? दुसरीतलं पोर बरं लिहील. वाचून माझा वेळ वाया गेला.” बास. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मग आम्ही एक फालतू खेळ खेळतो. त्यात मी हरलो की त्याने माझ्या कानात भोंगा वाजवायचा, किती जोरात ते त्याने ठरवायचं, समोरचं बटण फिरवून. बटण जेवढं पुढे तेवढा त्याचा राग. भोंगा मला ऐकू येत नाही, मी फक्त तोंड वाकडं करतो. सगळं झालं की बकऱ्याला शेजारी बसवून खरं सांगतात, माफी मागतात, चहा पाजतात. पण कोण हसून आलाय आणि कोण दगड होऊन, हे मला कळता कामा नये. हा सगळ्यात मोठा नियम. म्हणून मी माझ्या खोलीतून बाहेर यायचं नाही, आणि पहिली खोली सांभाळणारीने माझ्याशी कामापुरतंच बोलायचं.

तिला मी घड्याळ म्हणायचो. आत्याची विद्यार्थिनी, डॉक्टरेट करणारी. दोन मिनिटं उशीर झाला तर स्वतःवरच चिडायची.

सरावाच्या आठवड्यात मी तोंडावर आपटलो. तीन वाक्यं पाठ केलेली, बातम्या दिल्यासारखी म्हणायचो. बकरे हसायचे. एक तर म्हणाला, “बरोबर आहे भाऊ, मला लिहिता येतच नाही.” आता यावर राग कुठून आणणार? आत्या दाराआडून ऐकत होती. संध्याकाळी तिने कपाटातून जुना टेप काढला, त्याहून जुनं यंत्र काढलं, झाडलं, आणि म्हणाली, “असं बोलायचं. बघ.”

बाबा गेला तेव्हा मी पाचवीत होतो. त्याचे घरात फोटो आहेत, पण फोटो बोलत नाहीत. आणि इथे तो बोलत होता. दिसत मात्र नव्हता. कॅमेरा लावलेला बकऱ्याच्या तोंडावर, राग बघायचा तर त्याच्या तोंडावरच बघणार. बाबाचा फक्त उजवा खांदा, थोडा कान आणि कधी कधी टेबलावर ठेवलेला हात, एवढंच कोपऱ्यात. आवाज मात्र पूर्ण. तीच तीन वाक्यं. पण अशी म्हणायचा की मलाच खुर्चीतून उठून त्याला हाणावंसं वाटलं. ‘खरंच’ या शब्दाआधी किंचित थांबायचा, जणू तुझ्यासाठी त्याला वाईट वाटतंय.

“काडीपेटी म्हणायचे त्याला मित्र,” आत्या म्हणाली. हसत होती. “कॉलेजात नापास झाला, घरी सगळे टाकून बोलायचे. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. चार वर्षं केलं त्याने. नंतर दुसरे भिडू आले, पण निकाल फिके पडायला लागले. त्यांना नाटकच येत नव्हतं.”

“म्हणून तू नंतर प्रयोग सोडून नुसती पुस्तकं लिहीत बसलीस?”

“तुझी जीभ,” ती म्हणाली, “अगदी त्याची आहे.”

मी तो टेप चार-पाच दिवस बघितला. थांबणं उचललं, आवाज उचलला. आणि मग खरा प्रयोग सुरू झाला तेव्हा बटणं फिरायला लागली. काय सांगू, शाळेत मी एकाही गोष्टीत कधी पहिला आलो नाही, इथे माझ्यासारखा मीच! एक लठ्ठ पोरगा, मऊ चेहऱ्याचा, तोंडातून शब्द नाही, त्याने बटण शेवटपर्यंत नेऊन ते दाबूनच धरलं. नंतर खरं कळल्यावर माझा हात धरून सॉरी सॉरी करत बसला. मी म्हटलं, अरे चालतंय, पोटावर पाय पडला असता तू शांत बसला असतास तर. आत्या आकडे बघत नव्हती, पण बोळातून जाताना तिची चाल बदललेली कळायची. अंगठ्यावर खपली धरली होती.

मग मी माती खाल्ली.

दुपारची वेळ. ओळीने तीन बकरे येऊन गेले, तिघांनी बटण फिरवून फिरवून सैल केलं. घड्याळ कागद न्यायला आली. मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, “आज काय ठरवून दगडच पाठवतेस का? जरा हसरे पण पाठव की, माझंही डोकं उठलं.”

ती जागच्या जागी थांबली. “तुला कोणी सांगितलं?”

“काय कोणी सांगितलं?”

“की तिघंही दगड होते.”

“सांगायला कशाला पाहिजे? दिसतं की.”

“काय दिसतं?”

मी सांगितलं. खरं तर सांगता सांगताच मलाही पहिल्यांदा कळत होतं. हसून आलेल्यांचे डोळे ओले असतात, बसताना ते सांडल्यासारखे बसतात, आणि कागद हातात घेताना उगाच माझ्याकडे बघून हसतात. दगड होऊन आलेले गाल चोळत येतात. खालचा जबडा हलवून बघतात, दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखा. आंधळ्यालाही कळेल.

“आणि मग? त्यांच्याशी वेगळं बोलतोस?”

“शब्द तेच असतात.”

“शब्द नाही विचारले मी.”

मी समोरचं बटण उगाच मागेपुढे फिरवलं. कारण त्याच आठवड्यात एक पोरगी आली होती, डोळे पुसत, “अहो ती खुर्ची!” म्हणत. आणि मला तिच्यावर तिसरं वाक्य फेकताच येईना. म्हटलं, पण म्हटलं कसं? खिडकीकडे बघत. आणि ती गाल चोळणारी थोबाडं आली की मला आपोआपच चेव यायचा. आधीच आंबलेलं तोंड, त्याला अजून पिळायला कुणाला आवडत नाही?

घड्याळने दार लावून घेतलं. “हे मॅडमना सांगायचं नाही.”

“का?”

“थोडेच राहिलेत. माझी चार वर्षं यात आहेत. हे बाहेर गेलं तर सगळं कचऱ्यात.”

“म्हणजे हे चुकीचं आहे?”

“चुकीचं?” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “अरे, मग राग टाकी रिकामी झाल्यामुळे आलाच नाही. तुझ्यामुळे आला. दगडांना तू जास्त डिवचलंस म्हणून ते जास्त चिडले. यात आहे काय मोजण्यासारखं?”

“मग तुम्हीच मला समोर बसवलं ना? शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, मी तर फुटक्या टाकीचा! तेव्हा अक्कल कुठे गेली होती?”

“ओरडू नकोस.”

“ओरडणार!” मी खुर्चीला लाथ मारली. खुर्ची भिंतीवर, भिंतीचा पोपडा खाली. ती रडायला लागली आणि मी तसाच घरी निघून आलो.

आई धुतलेले कपडे घडी करत होती. मी मदतीला बसलो म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तिला कळतंच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा कधी सांगायचा का गं, तिथल्या गोष्टी?

“सांगायचा म्हणजे! जेवताना तेच. नवीन लग्न झालेलं, मला वाटायचं काहीतरी गोड बोलेल. हा आपला सांगतोय, आज चार जण गाल चोळत आले, चौघांनाही चांगला रगडला.”

माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. तो मी परत परत घडी करत राहिलो.

“गाल चोळत?”

“हां. म्हणायचा, ते आले की समजायचं, ह्यांना चिडवायचंय. आणि जे हसत येतील त्यांना सोडून द्यायचं. ताईची नोकरी तेव्हा पक्की नव्हती रे. वरचे म्हणायचे निकाल दाखवा, निकाल दाखवा. ती रोज रडून यायची. तुझा बाबा म्हणाला, मला बघवत नाही, तिला हवं ते देतो मी काढून.” आई हसली, खूप दिवसांनी. “ती पक्की झाली तेव्हा काय नाचला होता! म्हणाला, निम्मी नोकरी माझी. मी शास्त्रज्ञ आहे, म्हणाला. शिव्या खाणारा शास्त्रज्ञ.”

“आणि तुला त्यात काही वाटलं नाही?”

“काय वाटायचं? मला वाटलं तेच काम असणार. माणसं ओळखायची आणि तसं बोलायचं.” मग ती माझ्याकडे बघायला लागली. “का रे? काय झालं?”

काही नाही म्हटलं. उठून गेलो. बाबाने मला काही ठेवलं नाही, एक ही जीभ ठेवली, आणि एक गोष्ट, की तुझा बाबा मोठ्या कामात होता. आत्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर त्याला अर्पण आहे. आई ते पान पाहुण्यांना दाखवते.

दोन दिवस मी लॅबमध्ये गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी आत्याच आली. दारातच म्हणाली, “माझा प्रयोग अर्ध्यावर लटकलाय आणि नवाब लोळताहेत! काय बिनसलं? घड्याळ पण तोंड उघडत नाही.” तीही तिला घड्याळ म्हणायला लागली होती.

आई बाहेर गेली होती. मला गप्प बसायचं होतं, खरंच. जीभ दाताखाली धरली होती. पण ती माझ्याकडे बघत राहिली, चिडून नाही, नुसती बघत, आणि माझ्याच्याने काही राहवलं नाही. मी माझ्यापुरतं सांगून टाकलं. गाल, जबडा, ओले डोळे, खिडकीकडे बघून म्हटलेलं तिसरं वाक्य. बाबाचं नाव काढलं नाही.

मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, “चपला घाल.”

लॅबमध्ये तिने टेपचं यंत्र लावलं. खोक्यातून बाबाचे जुने टेप काढले. मग पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला आणि स्क्रीनवर असा चिकटवला की बकऱ्याचं तोंड पूर्ण झाकलं गेलं. उरला फक्त कोपरा. आवाज बंद केला. घड्याळच्या हातात एक जुनी फाइल दिली आणि म्हणाली, “कोण कुठल्या खोलीतून आलं होतं ते यात आहे. मी सांगते, तू फक्त हो किंवा नाही म्हण.”

“मॅडम, कशाला?”

“लाव टेप,” आत्या मला म्हणाली.

आणि मग माझी आत्या, जिने या टेपांवर उभं आयुष्य रचलं, ती पहिल्यांदाच त्या टेपांतल्या स्वतःच्या भावाकडे बघायला लागली. सगळ्यांनी वर्षानुवर्षं समोरच्याचं तोंड बघितलं होतं. दोन-दोन माणसं शेजारी बसवून कपाळाच्या आठ्या मोजल्या होत्या. कोपऱ्यातल्या खांद्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

खांदा पुढे झुकला. थांबला. हात टेबलावर आला, बोटं पसरून.

“दगड,” आत्या म्हणाली.

“हो,” घड्याळ म्हणाली.

पुढचा. खांदा मागेच होता, सैल, आणि कान वळला, खिडकी असेल त्या बाजूला.

“मोकळा.”

“हो.”

“मोकळा.”

“हो.”

“दगड. हाही दगड.”

“हो, मॅडम.”

ती थांबेचना. एक टेप संपला की दुसरा. चहा आला, त्यावर साय धरली. घड्याळचा ‘हो’ बारीक होत होत नुसती मान हलवण्यावर आला. एकदा आत्या चुकली, तेव्हा घड्याळ जवळजवळ ओरडलीच, “नाही! मॅडम, हा नाही!” इतक्या आनंदाने, की मला तिची दया आली. त्यानंतर आत्या परत चुकली नाही.

शेवटी तिने पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याला लावलेली चिकटपट्टी स्क्रीनवर राहिली, ती नखाने खरवडत बसली. म्हणाली, “इतर ठिकाणी का आलं नाही, कळलं. त्यांच्याकडे हा नव्हता.”

खरवडलेल्या चिकटपट्टीची तिने गोळी केली.

“बाकीच्या भिडूंना नाटक येत नाही म्हणायचे मी. त्यांना येत होतं. ते सगळ्यांशी सारखं करत होते, बिचारे.”

“मॅडम,” घड्याळ म्हणाली, “अजूनही कुणाला माहीत नाहीये. राहिलेले लोक आपण पडद्याआडून...”

“घरी जा गं,” आत्या तिला म्हणाली. मायेने म्हणाली, तेच जास्त लागलं असणार. “तुझं बघू आपण. तुझं वेगळं काहीतरी उभं करू.”

ती गेल्यावर आम्ही दोघंच. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलीच्या चाकात हवा भरत होतं, फुस्स फुस्स. आत्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “त्याला माहीत होतं का रे?”

ती काय विचारतेय ते कळलंच नाही असं मी तोंड केलं.

“तुझ्या बाबाला. हे त्याच्याकडून नकळत झालं, तुझ्याकडून झालं तसं? की मुद्दाम केलं त्याने? तुझी आई कधी काही बोलली?”

आता माझं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आत्याने सगळं गमावलं होतं, आणि ते तिने चोरासारखं नाही, वाण्याने वजन करून घ्यावं तसं स्वतः मोजून घेतलं होतं. तिच्याकडे आता एकच उरलं होतं, की चूक तिची होती, भाऊ चोख होता. आणि मी म्हटलं की मुद्दाम केलं, तर तेही जाणार. शिवाय हेही कळणार की तिच्या रडण्यामुळे केलं. मग जेवताना, झोपताना ती काय सोलत बसेल?

“नाही,” मी म्हटलं. “आई काही बोलली नाही. मलाही कळत नव्हतं ना करताना. बाबाला हसरी माणसं आवडायची, बाकी काही नाही.”

खोटं बोलायची मला सवय आहे, पण इतक्या सपाट आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो. एक शब्द जास्त नाही.

ती बराच वेळ माझं तोंड बघत होती. तिचं कामच ते. मग म्हणाली, “बरं.”

त्याच संध्याकाळी तिने त्या कडक सरांना फोन केला. मी समोर होतो. सगळं सांगितलं, माझ्यापासून पहिल्या टेपापर्यंत. पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं. मग ती म्हणाली, “नाही, दोघांनाही माहीत नव्हतं. जबाबदारी माझी. मी बघितलंच नाही.” आणि ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर सांगितलं की त्यांना सगळं लेखी नोंदवायचंय, आणि त्याआधी भिडूशी स्वतः बोलायचंय. म्हणजे माझ्याशी. त्यांचा एकच प्रश्न आहे म्हणे. आधीच्या भिडूला ठाऊक होतं का, घरात त्याबद्दल कधी बोलणं झालं का. मुद्दाम केलेलं असेल तर तो वेगळा गुन्हा होतो, मग तिच्या सगळ्याच पेपरांची चौकशी, आणि बाबाच्या नावासकट छापून येणार. नकळत झालं असेल तर चूक म्हणून जाईल.

आईला मी काल रात्रीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “रोज सांगून त्याने मलाही त्यात वाटेकरी केलं होतं रे, मला वाटलं कौतुक आहे.” आणि सकाळी आत्याकडे जाऊन तिच्या केसांना तेल लावून आली. काय बोलल्या दोघी, माहीत नाही. सांगितलं असेल का तिने? आईच्या तोंडावरून मला कधीच काही कळत नाही. जगातल्या सगळ्यांचं कळतं, हिचं नाही.

आणि आज ज्याच्यासमोर जायचंय तो सर म्हणे फार शांत माणूस आहे. आवाज चढवत नाही, थांबून थांबून विचारतो. असल्या माणसांनीच माझं डोकं फिरतं. त्याने बाबाबद्दल एक वाकडा शब्द काढला, नुसती भुवई वर केली, तरी मी काय करीन सांगता येत नाही. डस्टर आठवतोय ना? तिथे जर मी चिडलो, तर चिडलेल्या तोंडाने माणूस खरं बोलून जातो. हे मला आता नीट माहीत आहे, कित्येकांना मी स्वतः चिडवलंय.

नाही म्हणायचं आहे. एवढंच. एक शब्द, सपाट आवाजात, खिडकीकडे न बघता. आरशासमोर म्हणून बघितलं, पाच वेळा बरं जमलं, सहाव्यांदा आवाज फाटला. आणि मधेच वाटतं, का म्हणून? बाबाने जे केलं ते बहिणीसाठी केलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे, सांगून टाकावं छाती ठोकून, म्हणावं हो, केलं, तुम्हाला आहे का असा भाऊ? आणि मग आत्याच तिथे शेजारच्या खुर्चीत बसलेली असणार, हे आठवतं.

खाली गाडी आली. आत्या जिन्यातून हाक मारतेय, चपला घाल म्हणून. आई आधीच जाऊन बसलीय. मला आता निघायला हवं.